एक लाख एक हजार दहा

टक्.

दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण वाजलं आणि मी मान वर न करताच ओळखलं, हिराकाकूंची एकशे बेचाळिसावी. म्हणजे शेवटची.

व्हरांड्यात आम्ही सात जणी भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. पुढ्यात पिंजलेला कापूस, बाजूला वाटीत भस्म, बोटं घसरू नयेत म्हणून. मधोमध तांब्याची दोन मोठी घंगाळं आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. शंभर वाती झाल्या की लाल दोऱ्यानं जुडी बांधायची, ती घंगाळात ठेवायची आणि एक वात डब्यात टाकायची. ती साक्षीची. चार महिन्यांनी डबा मोजला की जुड्या किती झाल्या ते कळतं. डब्यातल्या दर शंभर साक्षींमागेही आणखी एक वात ठेवायची. हे सगळे नियम सासूबाईंचे. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की शंभर पुरे होईस्तोवर कोणी कोणाशी बोलायचं नाही.

त्यामुळे आषाढापासून आमच्या व्हरांड्यात दुपारी ते झाकणच काय ते बोलत होतं. हिराकाकू ते आपटायच्या. शाळेतल्या ठाकूरबाई आधी नखानं उचकटायच्या, मग ठोकून बसवायच्या. शरयूवहिनी तळहातानं इतकं हळू दाबायच्या की वाजलं की नाही असा भास व्हावा. मी आवाजावरूनच कोणाच्या किती जुड्या झाल्या ते सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "हिचं लक्ष स्वतःच्या वातींपेक्षा दुसऱ्यांच्या आकड्यांवर."

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका धरणाची ती वसाहत. माझे यजमान तिथे शाखा अभियंता. चौदा क्वार्टरं, चारी दिशांहून बदलून आलेली माणसं. त्या वर्षी सासूबाईंनी लक्षवातींचा संकल्प सोडला होता, माझ्यासाठी. त्याआधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. हे तिसरं तरी टिकावं म्हणून चातुर्मासात लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी तुपात भिजवून लावायच्या. लाख म्हणजे लाख. एकही कमी चालणार नव्हती.

पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "चारू, लाखाचे सात वाटे कर. सारखे. कोणाला कमी नको, कोणाला जास्त नको."

मी गणितात बी.एस्सी. झालेली. कागदसुद्धा घेतला नाही. "प्रत्येकी चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी. आणि पाच उरतात."

"उरतात म्हणजे?" हिराकाकू म्हणाल्या. त्या स्टोअरकीपर खोडक्यांच्या पत्नी, वर्ध्याकडच्या. "लाखासारखा लाख, अन् सातात जात नाही? कॉलेजात तुले शिकवलं नाही वाटते नीट."

"काकू, लाखाच्या आत फक्त दोन आणि पाच आहेत. पाच वेळा दोन, पाच वेळा पाच, सगळ्यांचा गुणाकार केला की लाख. आत तीन नाही, सात नाही, तेरा नाही. दोघींत वाटा, पाच जणींत वाटा, आठ जणींत, दहा जणींत वाटा, एकही उरणार नाही. सात जणींत वाटल्या की उरणारच."

"एवढा थोरला आकडा आणि आत दोघंच?" शरयूवहिनी म्हणाल्या. "अगो, आमच्या क्वार्टरासारखंच की!"

त्या एकट्याच हसल्या. पंपहाउसवरच्या तांब्यांच्या त्या पत्नी, गुहागरकडच्या. लग्नाला नऊ वर्षं झालेली. घरात दोघंच.

"मंग आठ करा," हिराकाकू म्हणाल्या, "पण आठवी आणता कुठून? नाहीतं पाचच ठेवा. दोघी गळाल्या तं गळाल्या. अशा व्रताले तसंही..." पुढचं त्यांनी कापसाकडे बघून गिळलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "सात म्हटलं ना, हिरा. शरयूइतकी बारीक वात इथे कोणाला वळता येते? उरलेल्या पाच मी वळीन."

तेवढ्यावर विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तर त्या कार्तिकी एकादशीला शेवटचं झाकण वाजलं. सात जणींच्या एकशे बेचाळीस, म्हणजे नऊशे चौऱ्याण्णव जुड्या झाल्या. प्रत्येकीच्या सुट्या पंच्याऐंशी वाती परातीत जमा झाल्या. त्या आणि सासूबाईंच्या पाच मिळून सहा जुड्या व्हायच्या, की हजार पुरे. त्या पौर्णिमेच्या सकाळी बांधायच्या असं ठरलं. मला सातवा लागला होता. ठाकूरबाईंनी सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी आणली होती. हसणं-खिदळणं चाललं होतं.

हिराकाकूंना घंगाळात एक जुडी सैल झालेली दिसली. त्यांनी ती सोडली, पुन्हा बांधायला घेतली, आणि हाताला सवयच लागलेली, म्हणून बांधता बांधता मोजली.

"नव्व्याण्णव," त्या म्हणाल्या.

"एखादी पडली असेल," सासूबाई म्हणाल्या.

खाली पडलेली नव्हती. काकूंनी दुसरी जुडी सोडली. शंभर. तिसरी, शंभर. मग सगळ्याच मोजायला लागल्या. वीस जुड्या सोडल्या, त्यातल्या तीन नव्व्याण्णवच्या. खिचडी तशीच राहिली. दोरा सगळ्यांचा एकाच रिळाचा, त्यामुळे कोणती जुडी कोणाची ते कळायला मार्ग नव्हता.

"मले तं पहिल्या दिवशीच वाटलं होतं," हिराकाकू म्हणाल्या. "सोताच्या घरात पाळणा नाही, तं दुसरीचा कसा हलू देईल?"

नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सहा जणींची मान एकाच दिशेला वळली होती. सहांत मीही होते. खोटं कशाला सांगू, माझा हात पोटावर गेला.

शरयूवहिनी उठल्या. पदरानं हाताचं भस्म पुसलं. "माझ्या सगळ्या जुड्या शंभराच्या आहेत," त्या म्हणाल्या.

त्या पायरीपर्यंत पोचल्या तेव्हा सासूबाई बोलल्या. "शरयू... पौर्णिमेपर्यंत राहू दे आता. येऊ नकोस."

वहिनींनी मागे वळून बघितलं. हिराकाकूंकडे नाही, सासूबाईंकडे. मग चपला घालून गेल्या.

घरात आल्यावर सासूबाई देवासमोर बसल्या त्या उठेनात. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"आई," मी म्हटलं, "घंगाळं आत घेऊ या. मी सगळ्या मोजते."

"लाख?"

"साधारण नव्व्याण्णव हजार. सहा जुड्या बांधायच्या राहिल्यात."

"सातवा महिना आहे, चारू."

"बसूनच मोजायच्यात. आणि वात काही जड नसते."

"आणि मोजून काय होणार? कमी आहेत त्या आहेत."

"किती कमी आहेत ते कळेल. आई, कमी असणं वेगळं आणि किती कमी असणं वेगळं."

त्यांना ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात पुढ्यात ओढली तेव्हा त्याही समोर येऊन बसल्या. त्या मोजताना 'एक' म्हणत नाहीत, धान्य मापताना म्हणतात तसं 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. दोन दिवस आमच्या घरात तेवढाच आवाज होता. शंभराची जुडी उजवीकडे, कमीची डावीकडे. यजमान दारातून डोकावून विचारायचे, "सदनाचं कामकाज कुठवर आलं?" आणि उत्तर न मिळाल्यावर स्वतःच चहा करून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला शेवटची जुडी उजवीकडे ठेवली. मग डावीकडचा ढीग मोजला. पुन्हा मोजला. सासूबाईंना मोजायला लावला.

"एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या.

मी हसले. मोठ्यानं हसले असणार, कारण त्या घाबरल्या. "काय झालं गं? दुखतंय का कुठे?"

"आई, डावीकडच्या सगळ्या जुड्यांत वाती किती आहेत?"

"नव्व्याण्णव. तूच तर लावल्यास."

"सगळ्यांत? एखादी अठ्ठ्याण्णवची? पंच्याण्णवची?"

"नाही. एकजात नव्व्याण्णव."

"आणि प्रत्येकीच्या वाट्याला जुड्या किती होत्या?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग डाव्या ढिगाकडे. "एकशे बेचाळीस."

"म्हणजे एकीच्या सगळ्याच्या सगळ्या. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. आई, कंटाळलेली बाई कधी नव्वद बांधते, कधी एकशे दोन बांधते. वाईट वाटावं म्हणून करणारी तर दहा-वीस जुड्यांत करून मोकळी होते. चार महिने, न चुकता, बरोबर एक कमी? इतक्या शिस्तीनं कोणी लबाडी करत नाही. इतक्या शिस्तीनं माणूस फक्त आपल्याला बरोबर वाटतं ते करतं."

सासूबाईंनी डोळे मिटले. "मी तिला येऊ नको म्हटलं," त्या म्हणाल्या.

चतुर्दशीला दुपारी मी शरयूवहिनींच्या क्वार्टरला गेले. अकरा नंबर, आमच्यापासून चढावर. त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला धापा टाकताना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पाणी आणलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत.

"चला," मी म्हटलं.

"कशाला? मला वाती चोरताना बघायला?"

"नाही. मोजताना बघायला."

"तुला काय वाटतं, चारू? खरं सांग."

"एकादशीला वाटलं होतं, खरं सांगते. आज नाही वाटत."

त्यांनी माझ्या हातातलं पाण्याचं भांडं घेतलं. मग सूप आत ठेवून आल्या आणि माझा हात धरून मला उतारावरून खाली आणलं. मीच त्यांना आणायला गेले होते, पण सांभाळून त्याच मला आणत होत्या.

व्हरांड्यात बाकीच्या जमल्या होत्या. मी परातीतल्या सुट्या वाती दोन ढिगांत केल्या. एक हिराकाकूंपुढे, एक शरयूवहिनींपुढे. "दोघींनी एकेक जुडी बांधायची. नेहमी बांधता तशीच. बाकी कोणी बोलायचं नाही."

"ही काय परीक्षा घेतेस का वो आमची?" हिराकाकू म्हणाल्या. पण बसल्या. चार महिन्यांची सवय, वातींना हात लागला की तोंड बंद.

काकूंच्या शंभर आधी झाल्या. त्यांनी दोरा गुंडाळला, जुडी बाजूला ठेवली, ढिगातून आणखी एक वात उचलली आणि डब्यात टाकली. टक्.

शरयूवहिनी सावकाश मोजत होत्या, ओठ हलवत. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. पुढची वात त्यांनी उचलली, "शंभर" म्हणाल्या, आणि तीच डब्यात टाकली. झाकण तळहातानं हळूच दाबलं. मग हातातल्या वातींना दोरा गुंडाळायला लागल्या.

दोऱ्याची गाठ मारून होईपर्यंत त्यांना कळलंसुद्धा नाही की सगळ्या आपल्याकडे बघतायत.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमची साक्षीची वात कुठली होती, वहिनी?" मी म्हटलं.

"कुठली म्हणजे? शंभरावी."

"अन् मंग जुडीत किती राह्यल्या?" हिराकाकू म्हणाल्या.

"जुडीत नव्व्याण्णव, डब्यात एक. शंभर." त्या गोंधळल्या. "आमच्याकडे नारळ असेच मोजतात. बाबा माडाखाली बसायचे. शंभरावा नारळ खुणेला बाजूला, पण तो शंभरातलाच. शेवटी खुणा ढिगात परत जायच्या. खूण मोजली नाही तर ढीग पुरा कसा होईल? तुम्ही... तुम्ही ती वरची धरता?"

"वरचीच!" काकू म्हणाल्या. "मंग सांगायचं नाही का वो आधी?"

"विचारलंत कधी? मोजताना बोलायचं नाही म्हणालात. चार महिने तोंडाला कुलूप लावून बसवलंत, आणि आता म्हणता सांगायचं नाही का!"

ठाकूरबाई फस्सकन हसल्या. मग एकेक करत सगळ्या. हिराकाकूंचं हसू सगळ्यांत शेवटी आलं, तेही चोरटं. "आता हिले काय म्हणावं," त्या पुटपुटल्या, आणि त्यांच्यापुढची खिचडीची ताटली, आज पुन्हा केलेली, त्यांनी शरयूवहिनींकडे सरकवली. माफी मागण्याची त्यांची तेवढीच रीत होती.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. उठल्या, शरयूवहिनींसमोर येऊन बसल्या. "मी तुला येऊ नकोस म्हणाले," त्या म्हणाल्या. "ते विसरू नकोस. पण उद्या पहिली वात तू लाव."

"आधी माझ्या एकशे बेचाळीस पुऱ्या करू द्या, मावशी," वहिनी म्हणाल्या. "मग लावते."

त्या वाती दुसऱ्या कोणीही वळायच्या नाहीत असं त्यांनीच ठरवलं. मी फक्त जुड्या सोडून द्यायची, त्या वात घालायच्या, मी बांधायची. बाकीच्या गेल्यावर आम्ही दोघीच व्हरांड्यात राहिलो. उन्हं कलली होती. आता बोलायला हरकत नव्हती, पण पहिल्या वीस-पंचवीस जुड्या आम्ही गप्पच होतो.

"ही तुझी तिसरी ना?" त्यांनी एकदम विचारलं.

मला आधी जुडी वाटली. मग त्यांची नजर कुठे आहे ते कळलं. "पहिलीच म्हणायची," मी म्हटलं. "डॉक्टर बाई कागदावर काहीतरी लिहितात. पण घरी आम्ही पहिलीच म्हणतो."

"हं," त्या म्हणाल्या. वात वळली, जुडीत घातली. "माझा एक. अकरा दिवसांचा होता. गुहागरास. दुसऱ्या दिवशी बारसं होतं."

मी दोरा खाली ठेवला. "इथे कोणालाच माहीत नाही?"

"मूल आहे का, असं विचारतात गो लोक. होतं का, असं कोणी विचारत नाही. आणि 'नाही' मी एकदाही म्हटलेलं नाही. आठवून बघ. मी गप्प बसते."

मी आठवून बघितलं. खरंच, त्या गप्प बसायच्या.

"नाव काय?"

"ठेवायचं राहिलं." त्यांनी पुढची जुडी माझ्या हातातून घेतली. "पण मोजते मी. दे, दोरा दे."

पौर्णिमेच्या सकाळी सातही जणी नाहून व्हरांड्यात जमलो. नऊशे चौऱ्याण्णव जुड्या, आता सगळ्या शंभराच्या. परीक्षेच्या दोन जुड्या सोडून साक्षींसकट परातीत परत टाकल्या होत्या, म्हणून सुट्या पुन्हा पाचशे पंच्याण्णव. सासूबाईंनी कापूस पुढे ओढला. "माझ्या पाच राहिल्यात. त्या झाल्या की सहा जुड्या बांधू."

"त्या सहा जुड्यांच्या साक्षी सहा," मी म्हटलं.

"हो, त्याही मीच वळते."

"आणि डब्यात मग हजार साक्षी होतील. त्यांच्या दर शंभराला एक."

"दहा. वळते की. एकवीस वाती म्हणजे काय मोठं काम आहे?"

एकवीस.

त्या क्षणी मला काय दिसलं ते नीट सांगता येणार नाही. अंधाऱ्या खोलीत चालताना हाताला एकदम कडी लागावी, तसं. मी भस्माची वाटी फरशीवर उपडी केली आणि बोटानं लिहिलं. लाख वाती. हजार साक्षी. साक्षींच्या साक्षी दहा. बेरीज मारली.

१०१०१०.

"एक लाख एक हजार दहा," ठाकूरबाईंनी वाचलं. "किती सुरेख दिसतो. एक, शून्य, एक, शून्य, एक, शून्य."

"आई, एकवीस तुम्ही एकट्या वळायच्या नाहीत," मी म्हटलं. "प्रत्येकीनं तीन वळायच्या. सात त्रिक एकवीस."

"अन् असं कावून?" हिराकाकू म्हणाल्या.

"कारण या आकड्याला सातानं भाग जातो, काकू. लाखाला जात नव्हता, आठवतं? पाच उरत होत्या. याला जातो. तीनानं जातो, तेरानंही जातो. लाखाच्या आत जे कोणी नव्हते ते सगळे याच्या आत आहेत. आपण प्रत्येकीनं आतापर्यंत साक्षींसकट चौदा हजार चारशे सत्तावीस वळल्यात. आता तीन. चौदा हजार चारशे तीस. गुणिले सात. करून बघा."

ठाकूरबाईंनी शाळेत करतात तसा तिथेच भस्मात गुणाकार मांडला. हातचे धरत उजवीकडून डावीकडे आल्या. एक, शून्य, एक, शून्य, एक, शून्य.

"काही उरत नाही," त्या म्हणाल्या.

"काही उरत नाही," मी म्हटलं. "लाख सातात जात नाही. साक्षी धरल्या, की जातो."

शरयूवहिनी पुढे सरकल्या. त्यांनी कापूस घेतला, सात चिमट्या केल्या आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवली. माझ्या हातावर ठेवताना त्यांचं बोट माझ्या तळव्यावर जरासं थांबलं. व्हरांड्यात पुन्हा शांतता झाली. तीन-तीनच वाती, पण आम्ही त्या अशा वळल्या की जणू लाखात तेवढ्याच होत्या.

संध्याकाळी अंगणात लोखंडी कढईत तुपानं निथळत्या त्या वातींना शरयूवहिनींनी काडी लावली. ज्योत कौलांच्या उंचीला गेली. हिराकाकू ओरडल्या, "मागं व्हा वो, दोन जिवाची हाय ती!" आणि मला मागे ओढलं. आत एक जोरात लाथ बसली. बाहेर एवढा उजेड कसला म्हणून विचारत असावी.

त्यानंतरची सातवी त्रिपुरी पौर्णिमा आता येईल. शाल्मली पहिलीत आहे. तांबे बदलून कोयनेकडे गेले, पण दर त्रिपुरीला शरयूवहिनींचा फोन येतो, आणि शाल्मली त्यांना पूर्ण नाव, इयत्ता आणि पडलेले दात किती, ते सांगते.

आज शाळेला सुट्टी. सासूबाई आत झोपल्यात. शाल्मली माझ्या शेजारी पालथी पडून वहीत शंभरापर्यंत अंक लिहीत होती आणि मी हे. मध्येच तिनं विचारलं, काय लिहितेस. मी वाचून दाखवलं, तिला कळेल तेवढं. गोष्ट संपल्यावर ती उठून बसली आणि बोटं उघडायला लागली.

"आजी एक. हिराआजी दोन. शाळेतल्या बाई तीन." मी बाकीच्या दोघींची नावं सांगितली, तिनं बोटं उघडली. "शरयूमावशी सहा. तू सात." आठवं बोट तिनं अर्धंच उचललं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मी पण होते ना तिथे?"

"होतीस. पोटात."

तिनं बोट खाली घेतलं. पुन्हा वर केलं. मग तेच बोट माझ्या पोटावर टेकवून विचारलं,

"मग आई, मी कितवी?"